अपस्माराचा ठावठिकाणा

सोलापूरच्या भय्या चौकातील कोटणीस कुटुंबाच्या घराचे आता स्मारक झाले आहे. डॉक्टर द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे चरित्र आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तथापि प्रस्तुत विषयाच्या सोयीसाठी त्यातील मुख्य गोष्टी थोडक्यात सांगतो. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी वैद्यकीचे शिक्षण घेतले. जपानने चीनवर स्वारी केली असता राष्ट्रीय सभेने १९३८ साली जे पाच डॉक्टरांचे पथक तिकडे पाठविले, त्यात ते होते. उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात त्यांनी घायाळ सैनिकांची सेवा केली; १९४१ च्या आरंभी बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले; त्याच वर्षी क्वो छिंगलान या चिनी परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला आणि पुढील ऑगस्टात त्यांस पुत्र झाला. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाची ३२ वर्षे नुकतीच पुरी झाली असता, त्यांचा अंत झाला. विद्यार्थ्यांसाठी ते शस्त्रवैद्यकाचे पुस्तक लिहीत होते, ते अपुरे राहिले.

हा अंत जपानी गोळीने झाला नाही. अपस्माराचे झटके एकामागून एक येत गेले आणि त्यांतच त्यांचे प्राण गेले. त्यांच्या चरित्रकथनात ही गोष्ट सामान्यतः एका वाक्यात येते व तेथेच संपते. वैद्यकाच्या इतिहासाकडे लक्ष देणाऱ्यास मात्र तेवढ्याने समाधान होत नाही. त्या झटक्यांचा उगम मेंदूच्या कोणत्या भागात होता? तेथे काय दडले होते? जुनी इजा, जन्मजात वैगुण्य, एखाद्या जंतूची गाठ, की आणखी काही? त्यांच्या उशाशी बसलेल्या सहकाऱ्यांपाशी हे जाणण्याचे साधन नव्हते. आणि हा अपुरेपणा केवळ त्या डोंगरातील इस्पितळाचा होता असेही नाही. त्या वर्षी जगातील कोणत्याही मोठ्या शहरी जिवंत मनुष्याचा मेंदू, कवटी न उघडता, चित्ररूपाने पाहता येत नव्हता. आज तो पाहता येतो. हा पालट कसा घडून आला आणि त्याने आम्हांस काय दिले, याचा विचार करण्याचे येथे योजिले आहे.

आमच्या पूर्वजांनी या व्याधीस फार नेमके नाव दिले. स्मृतीचा लोप करणारा तो अपस्मार. चरकसंहितेत त्याचे वातज, पित्तज, कफज आणि सान्निपातिक असे चार प्रकार सांगितले आहेत व त्याची गणना चिकित्सेस योग्य अशा रोगांत केली आहे. ग्रीक देशातही हिपोक्रॅटिसच्या नावाने चालत आलेल्या एका ग्रंथात, या रोगास 'पवित्र' म्हणण्याचे कारण नाही, तो इतर रोगांसारखाच असून त्याचे स्थान मेंदू होय, असे स्वच्छ प्रतिपादन केले आहे. परंतु शास्त्रकारांचे म्हणणे ग्रंथात राहिले आणि घराघरांतून निराळीच समजूत चालू राहिली. लोकांनी त्यास फेफरे म्हटले, मुलांच्या झटक्यास आकडी म्हटले. मनुष्य पडला की त्याच्या नाकाशी कांदा किंवा पायातील जोडा धरावयाचा, दातखीळ चमच्याने उघडावयाची, आणि शुद्धीवर आला की अंगाऱ्याची व्यवस्था करावयाची, हा उपचार आमच्यापैकी पुष्कळांच्या घरी वडीलधाऱ्यांनी पाहिलेला आहे. या सर्व उपचारांच्या मुळाशी एकच कल्पना होती. रोग बाहेरून येतो आणि सगळ्या मनुष्यास व्यापतो, अशी ती कल्पना होय. शरीरात त्याचा एखादा ठाव असेल, तो शोधून काढता येईल, असे कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

हा प्रश्न प्रथम नेटाने विचारणारा पुरुष म्हणजे इंग्लंडातील डॉक्टर जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन. लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील इस्पितळात तो रोग्यांजवळ बसून झटका कोठून सुरू होतो आणि कोणत्या क्रमाने पसरतो हे बारकाईने पाहत असे. काही रोग्यांचा झटका अंगठ्यापासून सुरू होई, मग मनगट, कोपर, खांदा, चेहरा असा चढत जाई. जॅक्सनने असे अनुमान केले की, शरीरात झटका ज्या वाटेने चालतो, त्याच वाटेने मेंदूच्या पृष्ठभागावर काहीतरी क्षोभ चालत असला पाहिजे. अर्थात् मेंदूत हात, चेहरा, पाय यांच्या निरनिराळ्या जागा असल्या पाहिजेत. १८७० साली जर्मनीत फ्रिट्श व हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूस विजेचा स्पर्श करून त्याचे पाय हलवून दाखविले, तेव्हा या अनुमानास प्रयोगाचा आधार मिळाला. जॅक्सनच्या स्वतःच्या पत्नीसही अशाच एकांगी झटक्यांची व्याधी जडून १८७६ साली तिचा अंत झाला. ज्या गोष्टीचे त्याने शास्त्र केले, ती त्याच्या घरातही होती.

२५ मे १८८६ रोजी व्हिक्टर हॉर्सली याने एका तरुणाची कवटी उघडली. हा तरुण लहानपणी गाडीखाली सापडला होता आणि त्याच्या डोक्यास खोल इजा झाली होती. जॅक्सनच्या रीतीने झटक्यांचा क्रम पाहून जागा ठरविली होती; तेथेच जुना व्रण सापडला, तो काढून टाकला आणि झटके थांबले. या शस्त्रक्रियेच्या वेळी जॅक्सन स्वतः हजर होता. मेंदूचे एकही चित्र हाताशी नसता, केवळ रोग्याकडे नीट पाहून व त्याचे ऐकून घेऊन रोगाचा ठाव लागला, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

परंतु असे स्पष्ट बोलणारे झटके थोड्यांचेच असतात. कित्येक रोगी एकाएकी भान हरपून पडतात. कित्येक क्षणभर टक लावून राहतात, ओठ चावल्यासारखे करतात आणि नंतर त्यांस काहीच आठवत नाही. त्यांच्या बाबतीत जॅक्सनची रीत लंगडी पडे. १८९५ मध्ये रोंटगेनने क्ष-किरण शोधून काढले. पण त्या किरणांच्या छायाचित्रात कवटीचे हाड दिसे, आतला मऊ मेंदू दिसत नसे. १९१८ मध्ये अमेरिकेत वॉल्टर डँडी याने मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून त्यांची आकृती पाहण्याची युक्ती काढली. १९२७ मध्ये पोर्तुगालच्या एगास मोनिझने रक्तवाहिन्यांत द्रव सोडून त्यांची जाळी पाहिली. या दोन्ही रीतींत मेंदूभोवतालचे व मेंदूच्या पोटातले दिसे. मेंदू स्वतः दृष्टीआडच राही. शिवाय त्या रोग्यास फार क्लेशदायक होत्या. जर्मनीत येना येथे हान्स बेर्गर याने १९२४ मध्ये मनुष्याच्या डोक्याच्या कातडीवरून मेंदूच्या विजेच्या लहरी टिपल्या व १९२९ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. झटका म्हणजे मेंदूतील विजेचे एक वादळ होय, हे येथून डोळ्यांस दिसू लागले. ते वादळ नेमके कोठून उठते, हे मात्र कवटीच्या जाड भिंतीबाहेरून अंदाजानेच सांगावे लागे.

येथे आम्हांस पुन्हा कोटणीसांकडे वळावे लागते. ते ज्या रुग्णालयाचे प्रमुख होते, त्यास नॉर्मन बेथून या कॅनडाच्या डॉक्टराचे नाव दिले होते. हा बेथून माँट्रियल येथील रॉयल व्हिक्टोरिया इस्पितळात १९२८ पासून काही वर्षे काम करीत होता. त्याच साली त्याच इस्पितळात वाइल्डर पेनफील्ड नावाचा शस्त्रवैद्य दाखल झाला आणि १९३४ मध्ये त्याने माँट्रियल मज्जाविज्ञान संस्था स्थापन केली. पेनफील्ड रोग्यास जागा ठेवून, केवळ कातडी बधिर करून, कवटी उघडी आणि मेंदूच्या एकेका जागेस विजेचा हलका स्पर्श करून रोग्यास विचारी की, आता काय वाटते. ज्या स्पर्शाने झटक्यापूर्वीची ओळखीची भावना उत्पन्न होई, ती जागा संशयित. हर्बर्ट जॅस्पर हा सहकारी विजेच्या लहरी टिपून त्यास साह्य करी. येणेप्रमाणे बेथून ज्या नगरातून चीनला गेला, त्या नगरातच अपस्माराचा ठाव शोधण्याची त्या काळची सर्वांत पुढारलेली विद्या वाढत होती. आणि बेथूनच्या नावाच्या रुग्णालयात त्याच व्याधीने एका सोलापूरकराचा अंत झाला. या दोन ठिकाणांमधील अंतर मैलांनी मोजण्यासारखे नव्हते. युद्ध, दारिद्र्य आणि वेढलेले डोंगर यांनी ते मोजावयाचे होते.

ती विद्या हिंदुस्थानात आली ती माँट्रियलहूनच. पेनफील्डच्या हाताखाली शिकलेल्या जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात मज्जाशस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला व १९५२ मध्ये तेथे अपस्मारावर शस्त्रक्रिया केली. १९५१ मध्ये चांडी, मद्रासचे बी. राममूर्ती व एस. टी. नरसिंहन् आणि बलदेव सिंग या चौघांनी या शास्त्राची अखिल भारतीय संस्था स्थापिली. मुंबईत, ज्या महाविद्यालयात कोटणीस शिकले त्यास जोडलेल्या के. ई. एम. रुग्णालयात, होमी दस्तूर यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा व एडी भरूचा यांनी मज्जारोगांचा विभाग नावारूपास आणला. पण रोग्याचा मेंदू अद्याप कोणी पाहिला नव्हता.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळील विंबल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्ले इस्पितळात गॉडफ्रे हाउन्सफील्ड याच्या यंत्राने एका रोग्याच्या मेंदूचे चित्र घेतले. युक्ती अशी होती की, क्ष-किरणांची बारीक शलाका डोक्याभोवती अनेक कोनांतून सोडावयाची, प्रत्येक वेळी पलीकडे किती किरण पोहोचले हे मोजावयाचे, आणि त्या सहस्रावधी आकड्यांवरून आतील प्रत्येक ठिपक्याची घनता गणकयंत्राने काढावयाची. पहिल्या यंत्राचे चित्र ८० आडव्या व ८० उभ्या ठिपक्यांचे, म्हणजे अगदी ओबडधोबड होते. तरी त्यात मेंदू होता. १९७९ मध्ये हाउन्सफील्ड व ॲलन कॉर्मॅक यांस या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. हीच सी. टी. स्कॅन.

हे यंत्र आमच्या देशात आल्यावर जे घडले, ते आमच्या मते या सर्व इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण आहे. १९८० नंतरच्या दशकात झटके येणाऱ्या पुष्कळ हिंदी रोग्यांच्या चित्रांत एकच लहानशी, कड्यासारखी चकाकणारी गाठ दिसू लागली. ठाव सापडला, असे सर्वांस वाटले. या देशात क्षय फार. म्हणून ती क्षयाची गाठ समजून रोग्यांस महिनोन्महिने क्षयाची औषधे देण्यात आली. गाठ नाहीशी होई आणि औषध लागू पडले असे वाटे. परंतु औषध न देताही ती पुष्कळदा नाहीशी होते, हे काही चिकित्सकांच्या ध्यानात आले. वेल्लोर येथे जेकब चांडी यांचे पुत्र मॅथ्यू चांडी आणि वेदांतम् राजशेखर यांनी १९९० च्या सुमारास अशा गाठी शस्त्रक्रियेने काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. त्यांतील बहुतेक क्षयाच्या नव्हत्या. डुकराच्या मांसातून माणसात येणाऱ्या पट्टकृमीची अर्भकावस्था मेंदूत शिरून तेथे मरत होती, तिचा तो अवशेष होता.

गंमत अशी की, हे ज्ञान सर्वस्वी नवे नव्हते. १९३० नंतर इंग्रज लष्करी डॉक्टर मॅकआर्थर याच्या असे नजरेस आले होते की, हिंदुस्थानात नोकरी करून परतलेल्या कित्येक गोऱ्या शिपायांस काही वर्षांनी झटके येऊ लागतात, आणि क्ष-किरणाने पाहिले असता त्यांच्या मांड्यांच्या स्नायूंत चुन्याने भरलेले कृमींचे कोश दिसतात. १९६१ मध्ये अशा ४५० रोग्यांचा वृत्तांत इंग्लंडात प्रसिद्ध झाला. गोऱ्या शिपायांच्या मेंदूतील कृमीची गणती झाली. ज्या गावांतून तो कृमी त्यांना जडला, त्या गावांतील माणसांच्या झटक्यांस आम्ही मात्र पुढेही कित्येक वर्षे कर्मभोग किंवा बाहेरची बाधा म्हणत राहिलो.

या ठिकाणी आमच्या शाकाहारी वाचकांनी निश्चिंत राहू नये. मेंदूत शिरणारा हा कृमी मांस खाल्ल्याने येत नाही. पट्टकृमी पोटात असलेल्या माणसाच्या विष्ठेतून त्याची अंडी मातीत, पाण्यात व पालेभाजीवर जातात आणि तेथून कोणाच्याही पोटात जाऊ शकतात. मांसाचा स्पर्शही नसलेल्या घरात हा रोग आढळतो तो याच वाटेने. अर्थात् त्याचा पहिला उपाय इस्पितळात नसून शौचकूप, धुतलेले हात आणि स्वच्छ धुतलेली भाजी यांत आहे.

वेल्लोरच्या या प्रकरणातून जो बोध निघतो, तोच आमच्या लेखाचे सार समजावा. चित्राने जागा दाखविली. तेथे काय आहे हे मात्र माणसाला शोधून काढावे लागले. यंत्राची दृष्टी जितकी तीक्ष्ण होत गेली, तितकी पाहणाराच्या विवेकाची गरज वाढत गेली. सी. टी. नंतर चुंबकीय अनुनादाचे यंत्र आले. शरीरातील पाण्यात असलेल्या हायड्रोजनच्या कणांस बलवान चुंबकाच्या क्षेत्रात रेडिओलहरींनी चाळवून त्यांच्या प्रत्युत्तरावरून जे चित्र काढतात, ते एम. आर. आय. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर याने या रीतीचा पाया घातला आणि २००३ मध्ये त्यास पीटर मॅन्सफील्ड याच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. कानशिलाआतील हिप्पोकॅम्पस नावाचा स्मृतीशी निगडित असा लहानसा भाग आक्रसून कठीण झाला, तर त्यातून हट्टी झटके उत्पन्न होतात. तो आक्रसलेला भाग या चित्रात ओळखता येतो. पेट नावाच्या परीक्षेत किरणोत्सर्गी साखर शिरेतून देऊन मेंदूचा कोणता भाग ती कमी घेतो हे पाहतात. झटके नसलेल्या वेळी दोषी भाग बहुधा सुस्त असतो. स्पेक्ट या परीक्षेत झटका चालू असतानाच औषध टोचून रक्ताचा ओघ कोठे वाढला हे टिपतात. आणि मेंदूतील विजेमुळे उत्पन्न होणारे अतिसूक्ष्म चुंबकत्व डोक्याबाहेरून मोजणारे यंत्रही आता चिकित्सेच्या कामी आले आहे.

इतकी साधने असूनही त्यांतील एकट्या कोणावर विसंबून कुशल शस्त्रवैद्य सुरी हाती घेत नाही. रोग्यास इस्पितळात ठेवून त्याच्या झटक्याचे चलच्चित्र व विजेच्या लहरी एकाच वेळी टिपतात, घरच्या माणसांकडून झटक्याचे वर्णन ऐकतात, त्याची स्मृती व वाणी तपासतात; आणि हे सर्व साक्षीदार एकाच जागेकडे बोट दाखवितात तेव्हाच निर्णय करतात. कित्येकांच्या चित्रात काहीच दिसत नाही, तरी झटके असतात. कित्येकांच्या चित्रात डाग दिसतो आणि झटक्यांशी त्याचा संबंध नसतो. जॅक्सनने रोग्याजवळ बसून जे केले, ते दीडशे वर्षांनंतरही पहिले पाऊलच आहे.

मात्र ठाव निश्चित झाला तर फळ मोठे मिळते. औषधांनी न आवरणाऱ्या, कानशिलाच्या भागातील अपस्मारावर कॅनडात ८० रोग्यांची तुलना करून २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या गटात वर्षाअखेर शेकडा ५८ जण भान हरपणाऱ्या झटक्यांतून मुक्त होते, केवळ औषधाच्या गटात शेकडा ८. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने ११६ मुलांवर केलेल्या अशाच परीक्षेत हेच प्रमाण ७७ व ७ आले. तो वृत्तांत २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिरुवनंतपुरम् येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून अशा शस्त्रक्रियांचे पद्धतशीर केंद्र चालू आहे. तथापि शस्त्रक्रियेचा प्रसंग थोड्यांवरच येतो. जगात सुमारे ५ कोटी माणसांस हा रोग असून त्यांपैकी शेकडा ७० पर्यंत लोक योग्य व नियमित औषधाने झटक्यांवाचून राहू शकतील, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे.

मग आमच्या घरांत हा रोग अद्याप कुजबुजीचा विषय का राहावा? १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने ज्यास अपस्माराचे झटके वारंवार येतात तो मनुष्य वेडाच्या रोग्याबरोबरच विवाहास अपात्र ठरविला होता. तो शब्द कायद्यातून १९९९ मध्ये काढून टाकण्यात आला; म्हणजे पृथ्वीवर मेंदूची चित्रे निघू लागल्यानंतरही २३ वर्षे आमचा कायदा या रोगास वेडाच्या शेजारी बसवीत होता. कायद्याने आता शहाणपण दाखविले आहे. सोयरीक ठरविणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ते दाखवावयाचे आहे. मुलीचे झटके लपवून लग्न करून द्यावयाचे, सासरी औषध घेता येत नाही म्हणून ते बंद पडावयाचे, आणि झटका आला की तिला माहेरी आणून टाकावयाचे, असे प्रसंग प्रतिष्ठित घरांतूनही घडतात. या लपवाछपवीने रोगापेक्षा अधिक नुकसान होते. कारण औषध एकाएकी सोडले असता झटके न थांबता एकावर एक येण्याचा धोका असतो, आणि तो जिवावर बेततो.

कोटणीसांच्या काळी निरुपाय होता. आमच्या काळी तो नाही. १९६३ पासून सोलापुरात वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि मेंदूचे चित्र काढण्यासाठी सोलापूरकरास आता परमुलखी जावे लागत नाही. झटका आलेल्या माणसास कुशीवर वळवावे, भोवतालच्या टणक वस्तू दूर कराव्यात, तोंडात काही घालू नये, घड्याळ पाहावे, आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर डॉक्टरांकडे न्यावे, एवढे प्रत्येक घरी ठाऊक असले पाहिजे. कांदा आणि जोडा यांस रजा द्यावी. त्यांच्या ऐवजी घरातल्या कोणीतरी शांतपणे पाहून ठेवावे की, आधी कोणता हात हलला, मान कोणत्या बाजूस वळली, डोळे उघडे होते की मिटलेले, शुद्धीवर येताच बोलता आले की नाही. कोणत्याही यंत्रास ही साक्ष देता येत नाही, कारण झटका आला त्या वेळी यंत्र तेथे नव्हते. घरचे माणूस होते.